दाब उतरला, कारण तसेच राहिले

पहाटे डोके दुखून जाग येते. उठून बसले की मळमळते, उलटी होते आणि उलटीनंतर जरा बरे वाटते. अशा माणसाला घरात, शेजारी आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळते : पित्त झाले आहे. मग पित्ताची गोळी, जोडीला वेदनाशामक, चहा कमी करा, जागरण टाळा. बहुतेकांच्या बाबतीत हे निभावून जाते, कारण बहुतेक डोकेदुखी खरोखरच निरुपद्रवी असते. ज्यांचे निभावत नाही त्यांच्या कवटीच्या आत मात्र दाब वाढत चाललेला असतो. ते कळेपर्यंत कोणाची दृष्टी गेलेली असते, कोणाचे अर्धे अंग लुळे पडलेले असते, कोणी जीवच गमावलेला असतो. यातले बरेच नुकसान टाळता येण्यासारखे आहे. ते टळत नाही, कारण डोक्यातला दाब आपल्याकडे वेळेवर ओळखला जात नाही. आणि ओळखला गेला तरी तो उतरवण्यावर समाधान मानले जाते. तो का वाढला, हा प्रश्न तसाच राहतो.

मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. तिच्या आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी या तीनच गोष्टी असतात. एक वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. एडिनबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया आहे. मेंदूभोवतीचे पाणी एका वेळी असते जेमतेम दीडशे मिलिलिटर. शरीर ते रोज सुमारे अर्धा लिटर तयार करते आणि तेवढेच शिरांवाटे रक्तात परत जाते. या पाण्याची वाट कुठे अडली, ते ज्या शिरांत रिकामे व्हायचे त्या शिरा गुठळीने बंद झाल्या, आत गाठ वाढली, रक्त साचले किंवा मेंदूलाच सूज आली, की दाब चढतो. काही काळ शरीर जुळवून घेते. ती सोय संपली की थोड्याशा वाढीनेही दाब एकदम उसळतो. काल चालता-बोलता असलेला रुग्ण आज बेशुद्ध पडतो तो यामुळे. नाडी मंदावणे, रक्तदाब चढणे आणि श्वास अनियमित होणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर हातात फार थोडा वेळ उरलेला असतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बीपी नॉर्मल आहे, म्हणजे दाबाचा त्रास नाही’ असे रुग्णही म्हणतात आणि नातेवाईकही. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तवाहिन्यांतला दाब, कवटीतला दाब वेगळा. तरीही बीपी मोजलेच पाहिजे, कारण ते अतोनात वाढले तर डोळ्याच्या आतल्या नसेवर कवटीतला दाब वाढल्यावर येते तशीच सूज दिसते.

कवटीतल्या दाबाचा सर्वांत स्वस्त पुरावा डोळ्यात मिळतो. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगापुढे ठेवलेले ऑफ्थॅल्मोस्कोप हे हातातले उपकरण आज कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे असते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे, खोलीत अंधार करायचा, रुग्णाला दूर भिंतीकडे पाहायला सांगायचे आणि त्याच्या गालाला गाल लागेल इतके जवळ जाऊन आत पाहायचे. दृष्टीची नस डोळ्यात शिरते तिथे एक फिकट गुलाबी-पिवळसर चकती दिसते. निरोगी डोळ्यात तिची कड रेखीव असते. दाब वाढला की ती कड ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात आणि कडेला रक्ताचे बारीक फराटे उमटतात. मेंदूतली घडामोड सुई न टोचता, किरण न सोडता दिसते ती इथेच. मेंदूचा पहिला सिटीस्कॅन लंडनमध्ये निघाला १ ऑक्टोबर १९७१ रोजी. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर याच खिडकीतून डोक्यातल्या गाठी ओळखत होते. आज स्कॅन गल्लोगल्ली झाले आणि डोळ्याचा पडदा पाहण्याची सवय मोडत चालली. डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला चष्म्याचा नंबर काढायला पाठवतात. तो तक्त्यावरची शेवटची ओळ बरोबर वाचतो आणि ‘डोळे उत्तम’ असा शेरा घेऊन परततो. दाबामुळे नस सुजली तरी सुरुवातीला समोरचे अक्षर स्पष्टच दिसते, आधी कडेची नजर कमी होत जाते. वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाच्या जागी शेजारी शेजारी दोन वस्तू दिसणे, कानात नाडीच्या ठेक्यावर घूं घूं होणे, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर दुखणे वाढणे, हे सारे रुग्ण सांगत असतो. विचारणारा हवा. एवढे मात्र ध्यानात ठेवायचे की दाब अचानक चढला असेल तर पडद्यावर सूज दिसायला वेळ लागतो. पडदा स्वच्छ दिसला म्हणून इतर खुणांकडे डोळेझाक करून चालत नाही.

आता बाळंतिणीकडे वळू, कारण या विषयात महाराष्ट्राच्या घराघरांशी थेट नाते असलेले प्रकरण तिचे आहे. बाळंतपणात आणि त्यानंतरचे काही आठवडे शरीर रक्त गोठण्याकडे झुकलेले असते. अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. अशा बाईला अनेक घरांत आजही पाणी मोजून देतात. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, टाके ओले राहतील म्हणून. कान बांधलेले, खिडक्या बंद, शेक-शेगडीची ऊब, घामाने अंग निथळलेले, अंगावर पिणारे मूल, आणि तहान लागली की दोन घोट कोमट पाणी. त्यात आधीची रक्तक्षीणता. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. पाण्याची कमतरता आणि रक्तक्षीणता या दोन्ही गोष्टी मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याला हातभार लावतात. मेंदूतले रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेत अशी गुठळी बसली की पाणीही शोषले जात नाही, रक्तही तुंबते आणि दाब चढतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोके ठणकू लागते. घरात कोणी म्हणते वारा लागला, कोणी म्हणते नजर लागली. फिट येईपर्यंत गाडी काढली जात नाही.

सिझर झालेल्या बाईच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो. पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने काहींचे डोके दुखते, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे आणि आता घरच्यांनाही. त्यामुळे सिझरनंतरची प्रत्येक डोकेदुखी भुलीच्या खात्यावर मांडली जाते. वास्तविक भुलीचे दुखणे कवटीतला दाब कमी झाल्यामुळे होते. ते उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की थांबते. गुठळीचे दुखणे आडवे होऊन थांबत नाही, उलट रात्री आणि पहाटे जास्त होते. ‘झोपल्यावर बरे वाटते का?’ हा एक प्रश्न बाळंतिणीच्या खाटेपाशी उभे राहून विचारला तर पुष्कळ उलगडा होतो. आडवे होऊनही आराम पडत नसेल, किंवा आधी पडत होता आणि आता पडेनासा झाला असेल, तर त्याच दिवशी शिरांचा स्कॅन व्हायला हवा.

गुठळीचा धोका बाळंतिणीपुरता नाही. गौरी-गणपती, पूजा, लग्न आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जातात. या हार्मोनच्या गोळ्या आहेत. आधी कधी पायात गुठळी झाली होती का, घरात कोणाला होते का, अर्धशिशी आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे काउंटरवर कोणी विचारत नाही. त्याच आठवड्यात हरतालिकेचा निर्जळी उपास येतो आणि दिवसभर स्वयंपाकघरातली उभ्याने धावपळ असते. आमचा रोख श्रद्धेवर नाही. पण ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि ती चालू असताना निर्जळी राहू नये, हे प्रत्येक घरातल्या सासू-सुनांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

रुग्ण शहरातल्या इस्पितळात पोहोचल्यानंतरही धोका संपत नाही. साधा सिटीस्कॅन होतो, ‘नॉर्मल आहे’ असे कळते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. शिरेतली गुठळी साध्या सिटीस्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. त्यासाठी शिरांचे चित्र काढावे लागते, त्याला व्हेनोग्राम म्हणतात. तो एमआरआयवरही होतो आणि रंगद्रव्य देऊन सिटीस्कॅनवरही. मागितला तरच होतो, हीच अडचण आहे. मागणाऱ्या डॉक्टरच्या मनात शंका असावी लागते आणि चिठ्ठीवर ‘बाळंतीण’ किंवा ‘हार्मोनच्या गोळ्या चालू’ एवढे लिहिलेले असावे लागते. वेळेवर सापडलेली गुठळी बरी होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहाशेहून अधिक रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के पूर्ववत झाल्याचे आढळले. उपचार म्हणजे मुख्यतः रक्त पातळ करणारे हेपॅरिन. दाब कमी करण्यासाठी मॅनिटॉलच्या बाटल्या कितीही लावल्या तरी त्यांनी गुठळी विरघळत नाही.

क्षयरोगाच्या मेंदूज्वराची तऱ्हाही अशीच. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. मेंदूच्या आवरणात क्षयाचे जंतू पोहोचले की आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, भूक मरणे, चिडचिड, मधूनच असंबद्ध बोलणे असे चालू राहते. टायफॉइड म्हणून सलाईन लागते. अँटिबायोटिक म्हणून अनेकदा क्विनोलोन गटातले औषध दिले जाते. हे औषध क्षयाच्या जंतूंनाही थोडेफार दाबते, त्यामुळे दोन दिवस उतार पडल्यासारखा वाटतो. खरा आजार आत पसरत राहतो, पाण्याच्या वाटा चिकटतात, मेंदूत पाणी साचते. रुग्ण झापड येऊन पडतो तेव्हा सगळे खडबडून जागे होतात. तोवर गेलेली बुद्धी आणि दृष्टी औषधाने परत मिळेलच असे नाही. इथे कारण शोधण्याचा मार्ग म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणे. नातेवाईक या तपासणीला भितात; मणक्यात सुई घातली की माणूस लुळा पडतो ही समजूत घट्ट आहे. जाणत्या हातांनी केलेली ही तपासणी सुरक्षित असते. जपायचे ते दुसऱ्या ठिकाणी : मेंदूत मोठी गाठ असताना स्कॅन न करता पाणी काढले, तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णात आधी स्कॅन, मग सुई. सुई आत गेल्यावर काचेच्या उभ्या नळीने दाब मोजायचा. कुशीवर झोपलेल्या मोठ्या माणसात तो २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला तर वाढलेला धरतात. दोन मिनिटांचे हे मोजमाप अनेकदा राहून जाते. बाटल्या प्रयोगशाळेत जातात आणि सुई घातल्याचे अर्धे सार्थक वाया जाते.

काही तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांमध्ये दाब वाढतो, स्कॅनमध्ये गाठ नसते, पाणी स्वच्छ असते, गुठळीही नसते. वैद्यकशास्त्र याला अज्ञातकारण वाढलेला दाब म्हणते. या आजाराकडे हलकेपणाने पाहिले जाते याची आम्हाला खरी चिंता आहे, कारण यात जीव सहसा जात नाही पण दृष्टी कायमची जाऊ शकते. शिवाय अज्ञातकारण हा शेरा शेवटी मारायचा असतो, सगळी ज्ञात कारणे एकेक करून नाकारल्यानंतर. प्रत्यक्षात शिरांचे चित्र न काढताच तो कागदावर चढतो. औषधांची विचारपूस होत नाही. मुरुमांसाठी घेतलेले डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रा, एकदम बंद केलेले स्टिरॉइड, यांतले काहीही दाब वाढवू शकते. मुरुमांची गोळी हे ‘औषध’ आहे असे कॉलेजच्या मुलीला वाटत नाही, म्हणून ‘काही औषध चालू आहे का?’ याला ती ‘नाही’ म्हणते. ‘चेहऱ्यासाठी, केसांसाठी, पाळीसाठी काही घेतेस का?’ असे विचारावे लागते. गोळी हे कारण निघाले तर ती थांबवणे हाच मुख्य उपचार. कारण वजनात असेल तर ते उतरवणे आणि जोडीला अॅसिटाझोलामाइड यांनी दृष्टी वाचते, हे २०१४ च्या अमेरिकी चाचणीने दाखवून दिले आहे. या मुलींना ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगून परत पाठवणे हा अन्याय आहे.

लहान मुलांच्या बाबतीत उशीर आणखी जिव्हारी लागतो. सकाळच्या उलट्या शाळेचा कंटाळा म्हणून, नीट न चालणे हूडपणा म्हणून आणि मान तिरकी धरणे सवय म्हणून सोडून दिले जाते. मुलांमधल्या पुष्कळ गाठी मेंदूच्या मागच्या भागात होतात आणि पाण्याची वाट बंद करतात. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम पालक आणि डॉक्टरांसाठी सुरू झाली. लक्षणांचे साधे कार्ड वाटले गेले. निदानाला पूर्वी जो १४ आठवड्यांच्या आसपास काळ लागत होता, तो काही वर्षांत ७ आठवड्यांच्या आत आला. तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली राहणे, डोके भराभर मोठे होणे आणि बुबुळे खाली वळणे या खुणा अंगणवाडीतही ओळखता येतात. तिथे वजन नेमाने घेतले जाते, डोक्याचा घेर मोजण्याची मात्र वेळ क्वचित येते. मेंदूतले पाणी पोटात वळवणारी शंट नावाची नळी आपल्याच देशात, उत्तर प्रदेशात शाहजहांपूरला, स्वस्तात बनते. युगांडातल्या २००५ च्या अभ्यासात ती महागड्या परदेशी नळीच्या तोडीस तोड ठरली. म्हणजे उपाय परवडणारा आहे आणि आपला आहे. कमी पडते ती डोक्याला वेळेवर लावलेली टेप.

म्हाताऱ्या माणसांत महिन्यापूर्वीची न्हाणीघरातली साधी घसरण पुरते. कवटीखाली हळूहळू रक्त साचते, आजोबा गोंधळल्यासारखे वागतात, वय झाले म्हणून घर गप्प बसते. एका स्कॅनने हे सापडते आणि लहानशा शस्त्रक्रियेने माणूस पूर्ववत होतो.

मॅनिटॉल, अॅसिटाझोलामाइड, स्टिरॉइड ही औषधे जीव वाचवतात, पण ती वेळ मिळवून देण्यासाठी असतात. मिळालेला वेळ कारण शोधण्यात घालवला नाही तर तीच औषधे घात करतात. स्टिरॉइडने सूज ओसरते, रुग्ण चालत घरी जातो. आत क्षयरोग असेल आणि त्याची औषधे सुरू केली नसतील तर तो मोकाट वाढतो. लिम्फोमा या कर्करोगाची गाठ असेल तर ती तात्पुरती विरते आणि तुकडा काढून तपासण्याची संधी हुकते. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडी अस्वच्छ भाजीपाला आणि पाण्यातून शाकाहारी माणसाच्या पोटातही जातात आणि त्यांच्या पुटकुळ्या मेंदूत बसतात. त्यांच्यावरचे अल्बेंडाझोल डोळ्याचा पडदा न पाहता, दाब न जोखता सुरू केले तर मरणाऱ्या कृमींभोवतीची सूज दृष्टीवर बेतू शकते. प्रत्येक कारणाचा उपचार वेगळा आहे. एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरू शकते, म्हणून ‘दाब कमी झाला, डिस्चार्ज’ असे कागदावर लिहिण्याआधी कारणाचा रकाना भरलेला असला पाहिजे. भरता येत नसेल तर रुग्णाला वरच्या इस्पितळात पाठवलेच पाहिजे.

सरकारकडे आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. मधुमेहींच्या डोळ्यांसाठी हातात धरायचे पडदा-कॅमेरे देशात बनतात. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात द्यावेत आणि उलटीसह डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाचा पडदा त्यांनी टिपावा. चित्र जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाला पाठवणे आज अवघड नाही. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईकडे आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जातात. त्या भेटी बाळाचे वजन आणि नाळ यांच्यावरच संपू नयेत. आईला पोटभर पाणी मिळते का आणि डोके दुखते का, हे दोन प्रश्न त्यांच्या वहीत छापून द्यावेत. जिल्हा रुग्णालयांतल्या सिटीस्कॅन केंद्रांना व्हेनोग्राम करण्याची सक्ती आणि साहित्य दोन्ही द्यावे. पाळी पुढे ढकलण्याच्या आणि मुरुमांच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणार नाहीत, हे अन्न व औषध प्रशासनाने नुसते परिपत्रक काढून नव्हे तर दुकानात जाऊन पाहावे. डॉक्टरांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना ऑफ्थॅल्मोस्कोप पुन्हा हातात घ्यायला लावावे.

वाचकांना आमची विनंती अशी. डोकेदुखी नवी असेल आणि दिवसेंदिवस वाढत असेल, झोपेतून उठवत असेल, सोबत उलट्या होत असतील, एकाच्या जागी दोन वस्तू दिसत असतील, वाकून उठताना अंधारी येत असेल, फिट आली असेल, किंवा दुखणे बाळंतिणीचे असेल, तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, चेहऱ्याच्या आणि पाळीच्यासुद्धा. डोळ्याचा पडदा तपासायला सांगा. स्कॅन नॉर्मल आला तरी शिरांचे चित्र काढले का, हे विचारा. आणि दाब वाढला आहे असे सांगितले गेले तर तो कशामुळे वाढला, याचे उत्तर मिळाल्याशिवाय फाइल बंद होऊ देऊ नका.